छेद कुठे घ्यायचा, हे कधी विचारणार?

प्रति,
मा. सदस्य,
यंत्र रेखाटन विषयाची अभ्यासक्रम समिती,
पदविका अभियांत्रिकी



तुम्ही आखलेला अभ्यासक्रम शिकून दरवर्षी जी मुले बाहेर पडतात, त्यांतली काही भोसरी-चाकणच्या आमच्यासारख्या छोट्या टूलरूममध्ये ट्रेनी म्हणून येतात. काही मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन विभागात बसतात आणि आम्हाला ड्रॉइंग पाठवतात. ड्रॉइंग काढणारा तुमचा विद्यार्थी आणि ते वाचून जॉब करणाराही तुमचाच विद्यार्थी. तरी दोघांचे एकमेकांशी जमत नाही, आणि ते न जमण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते: तिरक्या भागाचे माप आणि ते दाखवायला घेतलेला छेद.

मुलांना काहीच येत नाही, अशी रड मी गाणार नाही. हॅचिंग ४५ अंशांत काढायचे, शेजारच्या भागाचे उलट दिशेने काढायचे, रिबमधून लांबीच्या दिशेने छेद गेला तर रिब हॅच करायची नाही, शाफ्ट, बोल्ट, चावी, रिव्हेट कापायचे नाहीत, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. पण छेद कुठून घ्यायचा, हा प्रश्न त्यांना तीन वर्षांत कुणी विचारलेलाच नसतो. प्रश्नपत्रिकेत चित्र येते, चित्रावर छेदरेषा आधीच मारलेली असते, शेजारी बाण आणि ‘ए-ए’. मुलाने फक्त कापायचे. कारखान्यात ती रेषा मारून द्यायला परीक्षक येत नाही.

एक जॉब घेऊन बोलू. फिक्श्चरची चौकोनी बेसप्लेट. तिच्या वरच्या अंगावर ६० अंशांची व्ही-खाच, तीत २० मिमी व्यासाची पिन आडवी बसणार. खाच प्लेटच्या कडेला समांतर नाही, वरून पाहिले तर ४५ अंशांनी तिरकी गेली आहे. आता ड्रॉइंग काढणारा काय करतो? प्लेटच्या कडेला समांतर रेषा मारून ‘ए-ए’ छेद घेतो, कारण सगळे छेद तसेच घ्यायची सवय लागलेली. त्या छेदात खाच दिसते खरी, पण ती ६० अंशांची दिसत नाही. खोली तेवढीच राहते आणि रुंदी १.४१४ पट होते. अर्ध्या कोनाचा टॅन ०.५७७ होता, तो ०.८१६ होतो, आणि कोन भरतो सुमारे ७८.५ अंश. गाजर तिरके कापले की चकती लांबट निघते, तसेच हे.

संगणकाला यात काही वावगे वाटत नाही. मॉडेलमध्ये ६० अंश बरोबर असतात, पण ड्रॉइंगच्या पानावर त्या दोन रेषांना हात लावून कोन मागितला की तो समोर दिसणारा कोन मोजतो आणि ७८.५ लिहितो. इथून पुढे आम्ही तीन प्रकारची ड्रॉइंगे पाहतो. पहिल्या प्रकारात ७८.५ तसेच छापलेले असते. दुसऱ्या प्रकारात काढणाऱ्याला शंका येते, तो आकडा पुसून हाताने ६० टाकतो, म्हणजे रेषा एक सांगतात आणि आकडा दुसरेच. तिसऱ्या प्रकारात माप गाळून ‘मॉडेलप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते. हा तिसरा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो. पहिल्या दोघांत निदान चूक डोळ्यांना दिसते.

आता मशीनवाल्याने ७८.५ खरे मानून खाचेला काटकोनात तेवढा कोन काढला, तर काय होईल? ६० अंशांच्या खाचेत २० मिमी पिनचे केंद्र तळाच्या टोकापासून बरोबर २० मिमी वर राहते, कारण १० भागिले साइन ३०. ७८.५ च्या खाचेत तेच केंद्र १५.८ मिमीवर येते. पिन चार मिलिमीटरहून जास्त खाली बसली. ज्या फिक्श्चरवर शंभरावा भाग जपायचा तिथे चार मिलिमीटर! जॉब भंगारात, आणि दोष कुणाचा यावर दोन दिवस मेल.

उपाय अगदी साधा आहे. छेदरेषा खाचेच्या लांबीला काटकोनात मारायची, आणि तो छेद त्याच दिशेने सरकवून काढायचा. किंवा मोकळ्या जागेत नाव घालून काढायचा, आणि सरळ फिरवून ठेवला असेल तर किती अंशांनी फिरवला ते लिहायचे. कोनाचे माप तिथेच द्यायचे, इतर कुठेही नाही. खाच वरच्या दृश्यात कुठे आणि किती तिरकी आहे, ते माप वरच्या दृश्यात.

गंमत म्हणजे हे गणित तुमच्या अभ्यासक्रमात आहे. घनाकृतींच्या छेदाच्या प्रकरणात मुले शंकू तिरका कापतात, सहायक प्रतल काढतात आणि छेदाचे खरे रूप शोधतात. एन. डी. भट यांच्या आणंदच्या चरोतर प्रकाशनाच्या पुस्तकावर आमच्या पिढ्या वाढल्या, त्यातही ते प्रकरण आहे. मग पुढे यंत्रभागांचे ड्रॉइंग सुरू होते आणि खरे रूप हा शब्द पुन्हा कानावर पडत नाही. शंकूचे खरे रूप काढता येणारा मुलगा व्ही-खाचेचे काढत नाही, कारण ते प्रकरण वेगळ्या सत्रातले! गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात मेझिएरच्या लष्करी शाळेत वर्णनात्मक भूमितीचे हे शास्त्र उभे केले, तेव्हा किल्ल्यांच्या बांधणीसाठी ते इतके मोलाचे ठरले की बरीच वर्षे ते लष्करी गुपित म्हणून राखले गेले. आज ते उघड्यावर आहे आणि आपल्याकडे दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत पडले आहे.

आता मापाकडे येतो. तिरकी बाजू सांगण्याच्या वाटा अनेक: अंशांत कोन द्या, दोन टोकांची सरळ मापे द्या, नाहीतर गुणोत्तर द्या. विद्यार्थ्याला वाटते तिन्ही सारख्याच, भूमितीने एकीवरून दुसरी काढता येते. कागदावर येते. टॉलरन्स लागला की त्या सारख्या राहत नाहीत, आणि मशीनवर तर मुळीच नाहीत.

कोनाला अंशांत टॉलरन्स दिला की त्याची हद्द शिरोबिंदूपासून पंख्यासारखी पसरत जाते. शिरोबिंदूपाशी ती शून्य, दूर जाल तशी रुंद. म्हणूनच सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकात, आयएस २१०२ भाग १ मध्ये (हेच आयएसओ २७६८ भाग १), कोनाचा टॉलरन्स एकच आकडा नसून तो कोनाच्या आखूड बाजूच्या लांबीवर ठरतो. मध्यम वर्गात १० मिमीपर्यंत अधिक-उणे १ अंश, ५० पर्यंत ३० मिनिटे, १२० पर्यंत २० मिनिटे, ४०० पर्यंत १० मिनिटे, त्यापुढे ५ मिनिटे. टायटल ब्लॉकात ‘मध्यम’ लिहून मोकळे होणाऱ्याने एकदा हिशेब करून पाहावा: १०० मिमी लांबीच्या तिरक्या पृष्ठाला २० मिनिटे म्हणजे दुसऱ्या टोकाला ०.५८ मिमी वर आणि तेवढेच खाली. एकूण १.१६ मिलिमीटरच्या जवळपास. झाकणाच्या तिरक्या कडेला हे चालून जाईल. सरकत्या गिबला चालणार नाही.

जिथे चालणार नाही, तिथे कोन चौकटीत लिहून तो आदर्श मानायचा आणि पृष्ठाला कोनीयतेचा टॉलरन्स मिलिमीटरमध्ये द्यायचा, समजा ०.१, अमुक पायापासून. आता हद्द पंख्यासारखी नाही, दोन समांतर प्रतलांची आहे, कुठेही मोजा, रुंदी तीच. आणि ती तपासण्याची रीत टूलरूममधल्या प्रत्येकाला माहीत असते. २०० मिमीचा साइन बार, ३० अंशांसाठी खाली बरोबर १०० मिमीची स्लिप गेजची चळत, वर जॉब, आणि तिरके पृष्ठ आडवे झाले की त्यावर डायल फिरवायचा. काटा ०.१ च्या आत फिरला की जॉब पास. ड्रॉइंगमधला आकडा आणि डायलवरचा आकडा एकाच भाषेत बोलतात. याउलट बेव्हल प्रोट्रॅक्टरची लघुत्तम मोजणी ५ मिनिटे, १०० मिमीवर तेच ०.१४५ मिमी होते. म्हणजे त्याने ०.१ तपासताच येणार नाही. मुलांना प्रोट्रॅक्टर माहीत असतो, साइन बारचे सूत्र परीक्षेपुरते पाठ असते, पण ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सवरून कुठले साधन उचलायचे हे माहीत नसते, कारण मापनशास्त्राचा तास वेगळा आणि रेखाटनाचा वेगळा. जाता जाता: साइन बार ४५ अंशांच्या पुढे बेभरवशाचा होत जातो, म्हणून ७० अंश लिहिण्याऐवजी दुसऱ्या पायापासून २० अंश देता आले तर द्यावे. असे बारकावे पुस्तकात फार तर तळटीपेत सापडतील. डिझाइन करणाऱ्याला ते कुणीतरी सांगायला हवेत.

टेपरचे दुखणे वेगळेच. १:१० टेपर म्हणजे १० मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो. पूर्ण कोन ५ अंश ४३ मिनिटांच्या आसपास, पण लेथची कंपाउंड स्लाइड लावायची ती त्याच्या निम्म्या कोनात, २ अंश ५२ मिनिटांच्या जवळ. ड्रॉइंगवर नुसते ‘५°४३′’ लिहून बाण एका तिरक्या रेषेला आणि एक अक्षाला लावलेले मी पाहिले आहेत. म्हणजे बाणांच्या हिशेबाने तो अर्धा कोन आणि आकड्याच्या हिशेबाने पूर्ण! काउंटरसिंकचे ९० अंश पूर्ण कोनाचे असतात आणि चॅम्फरचे ४५ एका बाजूचे, हे मुलाला माहीत असते. तेच तत्त्व शंकूला लावायला सुचत नाही.

शंकूचे माप नीट कसे देतात याचा उत्तम नमुना बहुतेक व्हीएमसींच्या स्पिंडलमध्ये आहे. बीटी ४० टूल होल्डरचा टेपर ७:२४. तो अंशांत सांगायचा झाला तर अर्धा कोन ८ अंश १७ मिनिटे ५० सेकंदांच्या आसपास येतो, आणि असला आकडा कुणी मशीनवर लावत बसत नाही. गुणोत्तर सांगतात, आणि एका ठरावीक पातळीवर व्यास ४४.४५ मिमी असला पाहिजे असे सांगतात. मोठ्या टोकाचा व्यास, छोट्या टोकाचा व्यास, लांबी आणि कोन अशी चारही मापे एकदम देऊन त्यांना आपसांत भांडायला लावत नाहीत. चारांतली तीन पुरतात, आणि कुठली तीन ते वापरावर ठरते. विद्यार्थ्यांच्या शीटवर मात्र चारही असतात, कारण माप गाळले की गुण जातात ही भीती. जादा मापाचेही गुण कापा, ही माझी पहिली मागणी समजा.

चॅम्फर ४५ अंशांचा असेल तर ‘२ × ४५°’ पुरते, दोन्ही बाजू सारख्याच. ३० अंशांचा असेल तर ते २ मिमी कुठल्या बाजूचे, अक्षाच्या दिशेचे की त्रिज्येच्या? एका बाजूला २ तर दुसऱ्या बाजूला १.१५. लिहिणाऱ्याला माहीत असते, वाचणाऱ्याला कळत नाही.

डोव्हटेलवर मात्र थोडे थांबतो, कारण इथे कोन, छेद आणि मोजणी तिन्ही एकत्र येतात. ६० अंशांची डोव्हटेल स्लाइड. तुमच्या प्रश्नपत्रिकेतल्या चित्रात तिच्या तळाच्या दोन टोकदार कोपऱ्यांमधले माप दिलेले असते. प्रत्यक्षात ते कोपरे नसतातच! तिथे आराम-खाच असते किंवा कटरची त्रिज्या. जे नाही ते मोजायचे कसे? म्हणून दोन्ही बाजूंच्या खोबणीत सारखे रोलर ठेवतात आणि बाहेरून माप घेतात. ६० अंशांसाठी तळाच्या रुंदीत रोलरच्या व्यासाच्या २.७३२ पट मिळवायचे. १० मिमीचे रोलर असतील तर २७.३२ मिमी. ज्याला हे माहीत आहे तो ड्रॉइंगवर रोलरचा व्यास आणि रोलरवरचे माप देतो, आणि छेद डोव्हटेलच्या लांबीला काटकोनात घेतो. वर्गात एका डोव्हटेलवर हे तासभर करून घेतले, तर मुलांना मितीकरणाबद्दल दहा शीटनी कळणार नाही तेवढे कळेल, असे माझे ठाम मत आहे.

तिरक्या भोकाचेही असेच. भोक पृष्ठावर लंबगोल दिसते, मुले त्या लंबगोलाच्या कडेपासून माप देतात. द्यायचे ते भोकाचा अक्ष पृष्ठाला जिथे छेदतो त्या बिंदूपर्यंत, आणि छेद त्या अक्षातून जायला हवा, म्हणजे भिंत किती जाड उरते तेही दिसेल. ड्रिल तिरक्या पृष्ठावर घसरतो, म्हणून आधी स्पॉट फेस दाखवा. भोक दोन दिशांनी तिरके असेल तर समोरून २० अंश आणि बाजूने २० अंश असे दोन कोन देऊन सुटका होत नाही. खरा कल २० नाही, ४० तर नाहीच, तो येतो २७.२ अंश, आणि वरून पाहिले तर ४५ च्या दिशेत. मशीनवाल्याला हे दोन आकडे हवे असतात. रोटरी टेबल ४५ ने फिरवले आणि हेड २७.२ ने कलवले की झाले. त्याने मोबाइलवर टॅन उलटवत बसावे अशी डिझाइनरची अपेक्षा असेल, तर पगाराची अदलाबदलही व्हावी.

छेदातल्या सवलतींबद्दल एक इशारा. फ्लँजवर तीन भोके असली की एक भोक छेदाच्या प्रतलात फिरवून दाखवायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, कारण त्यामुळे भोकाचे केंद्रापासूनचे अंतर खरे दिसते. पण फिरवलेल्या छेदावर ते भोक कुठल्या दिशेला आहे याचे माप द्यायचे नाही, ते समोरच्या दृश्यातच. अर्ध्या छेदात व्यासाच्या मापाला एकच बाण येतो आणि रेषा मध्यरेषेच्या थोडी पलीकडे नेतात. ते विसरले की कुणीतरी त्रिज्या समजून जॉब निम्मा करतो. जॉबची कडच ४५ अंशांत असेल तर हॅचिंग ३० किंवा ६० ला फिरवा, नाहीतर कड कुठली आणि हॅच कुठला हे झेरॉक्समध्ये कळत नाही. आकडा हॅचिंगवर पडत असेल तर आकड्याभोवती हॅच तोडा. एसपी ४६ मध्ये हे नियम आहेत, १९८८ च्या आवृत्तीतही आणि २००३ च्याही. ते पुस्तक शाळा-महाविद्यालयांसाठीच लिहिलेले आहे, त्याच्या नावातच तसे म्हटले आहे.

एक आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की तो तुमच्याही मनात असणार. आता थ्रीडी मॉडेल थेट मशीनला जाते, कागदी ड्रॉइंग संपत आले, मग हे कशाला? मॉडेलवरच माप आणि टॉलरन्स लिहिण्याची मानके आली आहेत, एएसएमई वाय १४.४१ तर २००३ पासून आहे. पण त्या मानकांतही कोन कुठल्या पायापासून, हद्द कसली, छेद कुठला, हे माणसालाच ठरवावे लागते, फक्त कागदाऐवजी पडद्यावर. आणि आमच्या गल्लीत आजही जॉबबरोबर येते ती व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ. मॉडेलमधला कोन नेमका ६० असतो, सात दशांशांपर्यंत. त्यातला किती जपायचा हे मॉडेल आपण होऊन सांगत नाही.

तेव्हा मागणी अशी. पुढची पुनर्रचना कराल तेव्हा यंत्र रेखाटनाच्या परीक्षेत निदान एक प्रश्न छेदरेषेशिवाय द्या. तिरकी खाच किंवा तिरके भोक असलेला भाग द्या, तो कशासाठी वापरायचा ते दोन ओळींत सांगा, आणि विद्यार्थ्याला विचारा: छेद कुठून घेशील, कोन कुठल्या दृश्यात देशील, अंशांत की मिलिमीटरमध्ये, आणि हे माप तपासणारा कुठले साधन उचलेल? उत्तरे एकाहून जास्त बरोबर येतील. तपासणाऱ्याला त्रास होईल हे मान्य आहे, आदर्श उत्तरपत्रिका एका पानात मावणार नाही. पण गुण हॅचिंगच्या सुबकपणाला कमी आणि या निवडीला जास्त द्यावेत.

शीटवर चित्र देण्याऐवजी प्रत्यक्ष भाग हातात देता आला तर आणखी चांगले. आमच्याकडे आणि आजूबाजूच्या गाळ्यांत बाद झालेले डोव्हटेल, टेपर बुश, तिरक्या भोकांचे ब्लॉक पडून असतात. तंत्रनिकेतनांनी टेम्पो पाठवावा, आम्ही धुऊन, कडा मारून, प्रत्येकाला त्याचे मूळ ड्रॉइंग जोडून देऊ. ग्राहकाचे नाव तेवढे खोडू.

आपला,
भोसरीतील एक टूलरूमचालक